बऱ्हाणपूर खान्देशात धरायचं की निमाडात? (फलकांच्या मजकुरासाठी मदत हवी)

राजवाडा_इंदूर

नमस्कार मंडळी. इंदुरातल्या आमच्या मराठी मंडळाचं हिवाळ्यात एक छोटं प्रदर्शन आहे, विषय "नर्मदा ते तापी". चार फलक ठरले आहेत: माळवा, निमाड, खान्देश, वऱ्हाड. प्रत्येक फलक चार बाय तीन फूट, वर नकाशा, खाली दीडशेएक शब्द, आणि समोर त्या त्या भागाच्या खाण्याचं टेबल.

बाकी सगळं लागलं, बऱ्हाणपूरवर अडलं. समितीत एक मत असं की जिल्हा मध्य प्रदेशात आहे, आधी पूर्व निमाडमध्येच होता, तेव्हा तो निमाडच्या फलकावर. दुसरं मत असं की जे शहर खान्देशाची राजधानी होतं ते खान्देशाबाहेर दाखवणं चूक. तिसरी सूचना आली की दोन्ही फलकांवर अर्धं अर्धं टाका. ती मला पटत नाही, कारण फलकापुढे माणूस दोन मिनिटं उभा राहतो आणि त्या दोन मिनिटांत त्याला काहीतरी ठाम कळायला हवं.

म्हणून विचारतोय: नकाशावर रेषा कुठून काढावी, भाषेबद्दल काय लिहावं, सणांत काय दाखवावं आणि टेबलावर काय ठेवावं? छापण्याजोगं सांगा, कारण बघायला येणाऱ्यांत निम्मे लोक खंडवा-खरगोनचे असतील आणि उरलेल्यांत भुसावळ-रावेरकडचे पाहुणेही असतील. दोघंही चूक पकडतील.

---

तापीखोरं

खान्देश. अर्धं अर्धं अजिबात नको.

आधी जमीन बघा. विंध्य आणि सातपुड्याच्या मधलं नर्मदेचं खोरं म्हणजे निमाड. खंडवा आबना नदीवर आहे, तिचं पाणी शेवटी नर्मदेला जातं. बऱ्हाणपूर सातपुड्याच्या दक्षिणेला, तापीच्या काठावर. तिथलं पाणी भुसावळवरून खाली सुरतेकडे जातं. खंडव्याहून इच्छापूर रस्त्यानं निघालात की असीरगड लागतो. सातपुड्याच्या रांगेत तिथे जी खिंड पडली आहे तिच्यावर नजर ठेवायला तो किल्ला आहे, आणि शहर तिथून दक्षिणेला वीसेक किलोमीटर, मोकळ्या काळ्या जमिनीत. दोन प्रदेशांमधली वेस म्हणायची तर ती असीरगडाची रांग.

नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचं 55 सी हे पान घ्या, 1:2,50,000 प्रमाणाचं. खंडवा, असीरगड, बऱ्हाणपूर आणि रावेर ही चारही त्या एका पानात बसतात. फक्त एक अडचण येईल. पानाची डावी कड 76 अंश रेखांशावर आहे आणि रावेर त्या कडेला चिकटून आहे, त्यामुळे यावल आणि भुसावळ शेजारच्या 46 ओ वर जातात. एकच पान छापलंत तर बऱ्हाणपूर खंडव्याला जवळ आणि खान्देशापासून तुटल्यासारखं दिसेल. प्रत्यक्षात रेल्वेनं भुसावळ खंडव्यापेक्षा जवळ आहे. दोन्ही पानं शेजारी चिकटवून घ्या, मग नकाशा खरं सांगेल. आणि नकाशावर राज्याची सीमा बारीक तुटक रेषेनं, जलविभाजक रांग जाड तपकिरी रेषेनं दाखवा. उलटं केलंत तर बघणारा राज्याच्या सीमेलाच प्रदेशाची सीमा समजेल.

आता इतिहास. फारुकी घराण्याचा मलिक राजा थाळनेरला, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यात, तापीकाठीच बसला. 1382 पासून खान्देशाचं राज्य त्यांचं. त्याचा मुलगा नासीर खान यानं असीरगड घेतला आणि 1400 च्या सुमारास तापीवर बऱ्हाणपूर वसवलं. नाव दिलं सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं, ज्यांची कबर खुलताबादला आहे. पलीकडच्या काठाचं झैनाबाद त्यांच्या शिष्याच्या, झैनुद्दीनच्या नावानं. म्हणजे शहराचं नावच देवगिरी-दौलताबादकडून आलेलं आहे. अकबरानं 1601 मध्ये असीरगड घेतला, पण त्यानं खान्देशाचा वेगळा सुभा ठेवला आणि राजधानी बऱ्हाणपूरच. त्याच वेळी निमाडचा मोठा भाग बीजागढ सरकारात होता आणि ते सरकार माळवा सुभ्यात. दोन वेगळे सुभे, दोन वेगळे हिशेब. पुढे निजामाच्या काळात दख्खनचे जे सहा सुभे धरले जात, त्यांतला एक खान्देश. पहिला निजाम 1748 मध्ये बऱ्हाणपूरलाच वारला आणि पुरला खुलताबादला.

एवढं असताना हे शहर निमाडात गेलं कसं, ते फलकावर जरूर लिहा, कारण सगळा घोळ तिथेच आहे. 1760 च्या उदगीरच्या तहात बऱ्हाणपूर आणि असीरगड मराठ्यांकडे आले आणि पुढे बऱ्हाणपूर शिंद्यांकडे गेलं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा पेशव्यांचा खान्देश मुंबई इलाख्यात गेला. शिंद्यांचं बऱ्हाणपूर त्यात नव्हतं, ते त्यांच्याकडेच राहिलं. ते इंग्रजांना मिळालं 1860-61 च्या अदलाबदलीत. तोवर खान्देश जिल्ह्याची घडी बसून चाळीस वर्षं झाली होती, आणि शेजारी इंग्रजांच्याच ताब्यात निमाड होता, त्याला हे जोडून टाकलं. त्या निर्णयात बोली, देव, सोयरीक यांतलं काही पाहिलेलं नव्हतं. ती कारभाराची सोय होती.

---

निमाडी_माणूस

तापीखोरं भाऊ, जमिनीचं आणि सुभ्यांचं आपण म्हणता ते सगळं मान्य. पण 1860 ला इतिहास थांबला नाही. त्यानंतरची, 2003 पर्यंतची, जवळपास एकशे चाळीस वर्षं त्या गावानं खंडव्याच्या कचेरीत काढली आहेत. शेतकऱ्याच्या हातात सातबारा नसतो, खसरा आणि बी-1 असतो. शाळा हिंदी, कोर्ट हिंदी, वर्तमानपत्र हिंदी. याला संस्कृती म्हणायचं नाही का?

आणि आणखी एक गोष्ट, जी दोन्ही बाजूंचे लोक विसरतात. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत बऱ्हाणपूर ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती. इंदूर, खरगोन, महेश्वर हे तेव्हा मध्य भारतात. म्हणजे ज्याला आपण आज एकसंध "निमाड" म्हणतो तो स्वातंत्र्यानंतरही दोन राज्यांत होता: पश्चिम निमाड होळकरांकडून आलेला, पूर्व निमाड मध्य प्रांतातून आलेला. बऱ्हाणपूरचा स्वतंत्र जिल्हा 15 ऑगस्ट 2003 ला झाला. तेव्हा निमाडच्या फलकावर बऱ्हाणपूर नसेल तर खंडव्याचा माणूस म्हणेल की आमच्या जिल्ह्याचं मोठं शहर कुठं गेलं, आणि त्याचं म्हणणं रास्त असेल.

मी म्हणतो, तुम्ही शहराबद्दल भांडताय आणि जिल्हा विसरताय. खकनार तहसील बघा. तिथे कोरकू आहेत, बारेला आहेत, दोन्ही आदिवासी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचा ना निमाडीशी संबंध ना मराठीशी. त्या लोकांचं नातं मेळघाटाशी, धारणीशी. खकनार खान्देशात टाकणं ही जितकी चूक, तितकीच निमाडात टाकणं ही. निदान नकाशावर पूर्वेचा तो डोंगराळ भाग वेगळ्या छटेत दाखवा आणि त्यावर "कोरकू मुलूख, मेळघाटाला लागून" असं लिहा. हे कुठल्याच प्रदर्शनात दिसत नाही.

दुसरं, खान्देश म्हणजे महाराष्ट्र असं समीकरण फलकावर कुठेही डोकावू देऊ नका. एकदा का ते शिरलं की चर्चा बोलीची राहत नाही, सीमावादाची होते, आणि मग कुणीच कुणाचं ऐकत नाही.

---

कागदपत्र

भाषेबद्दल लिहिताना सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

जनगणनेचा सी-16 तक्ता वापरा, मातृभाषेचा. तो तहसीलपर्यंत मिळतो. 2011 चा जिल्हावार आकडा चालेल, कारण तेव्हा जिल्हा वेगळा झाला होता. 2001 चा जिल्हावार आकडा घेऊ नका. त्या वर्षी जिल्हा पूर्व निमाड होता, त्यात खंडवा आणि हरसूदसुद्धा आलं, आणि निमाडीचं प्रमाण साहजिकच फुगलं. बऱ्हाणपूर म्हणून हाच आकडा सर्रास छापला जातो. तुलना करायचीच असेल तर तहसीलवार पानं काढा आणि तहसिलींच्या सीमा जुळतात का ते आधी तपासा.

तक्ता वाचतानाही सावध राहा. निमाडी ही "हिंदी" या शीर्षकाखाली मोजली जाते (देशभरात 2011 मध्ये सुमारे 23 लाख लोकांनी ती मातृभाषा सांगितली). अहिराणी मात्र मराठीखाली नाही, "खान्देशी" या स्वतंत्र शीर्षकाखाली येते. नुसती मोठी शीर्षकं बघितली तर निमाडी दिसेनाशी होते आणि मराठी खऱ्याहून कमी वाटते. शिवाय लोक सांगतात तेच लिहिलं जातं. घरात निमाडी बोलणारा "हिंदी" सांगतो, लेवा बोली बोलणारा "मराठी" सांगतो. तेव्हा फलकावर टक्केवारी छापू नका. "शहरात हिंदी-उर्दू आणि मराठी, आसपासच्या गावांत मराठीच्या बोली, गुजरी (गुजर समाजाची बोली) आणि निमाडी, खकनारकडे कोरकू आणि बारेली" एवढं वाक्य पुरे, आणि ते टिकेल.

आता मोठी चूक: "बऱ्हाणपूरची बोली अहिराणी." तसं नाही. अहिराणीचं घर धुळ्याकडे आणि जळगावच्या पश्चिमेला. बऱ्हाणपूरला लागून असलेले रावेर, यावल, भुसावळ हे लेवा बोलीचे आणि तावडीचे तालुके. बहिणाबाई चौधरींची बोली हीच, त्यांचं माहेर जळगावजवळचं असोदा. खान्देश म्हटलं की फलकावर अहिराणीचं वाक्य टाकायचं ही सवय झाली आहे. रावेरचा पाहुणा वाचेल आणि म्हणेल, हे आमचं नाही.

ऐकून ओळखायचं असेल तर एकच साधं वाक्य घ्या, "मला पाणी दे". निमाडीत "मखऽ पाणी दे", अहिराणीत "माले पानी दे", लेवा आणि तावडीत "मले पानी दे", आणि शहराच्या बाजारात "मेरे को पानी दे". प्रदर्शनात हे चार ध्वनिमुद्रित करून ऐकवता आले तर दीडशे शब्दांपेक्षा जास्त काम होईल. बोलणारी माणसं पन्नाशीच्या पुढची घ्या आणि त्यांना वाक्य वाचायला लावू नका. कागद हातात आला की माणूस शाळेची भाषा बोलतो. "तहान लागली तर सुनेला काय म्हणाल?" असं विचारा आणि मुद्रण चालू ठेवा.

ग्रियर्सनचा हवाला समितीत कुणीतरी देईलच. त्यानं आपल्या भाषा-सर्वेक्षणात निमाडी राजस्थानीच्या गटात ठेवली आणि खान्देशी भिल्ल भाषांच्या सोबत नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात. म्हणजे त्याच्या मते खान्देशी मराठीतही नाही. हे मत आजच्या अभ्यासकांना सरसकट मान्य नाही, आणि लेवा बोलीला ते लागूही पडत नाही. फलकावर नका टाकू, उत्तरासाठी जवळ ठेवा.

---

राजवाडा_इंदूर

खूप उपयोगी. 55 सी आणि 46 ओ दोन्ही जोडून घेतो. खकनार वेगळ्या छटेत दाखवायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

सणांचं काय करू? निमाडच्या फलकावर गणगौर आहेच. बऱ्हाणपूर खान्देशात धरलं तर तिथे कानबाई आणि आखाजी दाखवायची, पण मग गणगौर तिथे होत नाही असा अर्थ निघेल.

---

तापीखोरं

असा अर्थ निघणारच, आणि तो चुकीचा असेल. सणांच्या बाबतीत निमाडी_माणूस यांची बाजू वजनदार आहे, हे मोकळेपणानं सांगतो.

निमाडात गणगौर म्हणजे रणुबाई आणि धणियर राजा. टोपल्यांत गहू पेरतात, जवारे उगवतात, शेवटी त्यांची पाठवणी होते. खान्देशात श्रावणात कानबाई बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि तिच्या जोडीला रानुबाईचं नाव घेतात. नारळाची कानबाई, तिला नथ, डोरलं, आणि रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू. म्हणजे रणुबाई-रानुबाई सातपुड्याच्या दोन्ही अंगांना आहे. एकीकडे ती चैत्रात येते, दुसरीकडे श्रावणात. माझ्या मते फलकावर हीच गोष्ट दाखवण्यासारखी आहे, कारण तिथे डोंगर आड येत नाही.

तिथी लिहिताना मात्र जपा. निमाडात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यांची "चैत्र वदी एकादशी", ज्या दिवशी जवारे पेरतात, ती आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य एकादशी असते. मराठी कॅलेंडर बघून "चैत्र वद्य" छापलंत तर सण महिनाभर पुढे जाईल. शुद्ध पक्षात ही अडचण नाही. गणगौरीची तीज आणि आपली चैत्रगौर बसते ती तृतीया, दोन्ही चैत्र शुद्ध तृतीयाच. पुढे महिन्याभरानं अक्षय तृतीया, जिला खान्देशात आखाजी म्हणतात: लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई असते, आमरस आणि सांजोऱ्या होतात. इंदुरातल्या मराठी बायकांना हा क्रम ओळखीचा आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत एक पट्टी काढा, वर निमाडचं, खाली खान्देशचं, मध्ये चैत्रगौरीचं हळदीकुंकू. लोक तिथे थांबतील.

---

चूल_आणि_खापर

टेबलाचं मी सांगते. बऱ्हाणपूरच्या नावानं दोन वेगळी ताटं आहेत, गावाकडचं आणि शहराचं, आणि ती एकत्र केली की दोन्हींची चव बिघडते.

गावाकडचं ताट रावेर-यावलसारखं: कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा. कळण्याला ज्वारी चार भाग, काळे सालासकट उडीद एक भाग. शंभर भाकऱ्या धरल्या तर भाकरीला शंभर ग्रॅम पीठ, म्हणजे दहा किलो: आठ किलो ज्वारी, दोन किलो उडीद. मीठ मळतानाच, सगळ्या पिठाला मिळून दीडशे-दोनशे ग्रॅम. इंदुरात चक्कीवाला विचारेल की उडदाची डाळ घालू का. नाही म्हणायचं. पांढऱ्या डाळीनं पीठ चिकट होतं, भाकरी थापताना हाताला ओढते, आणि तो काळसर रंग व कडसर चव येत नाही. उडदामुळे पीठ लवकर जुनं होतं, तेव्हा प्रदर्शनाच्या चार दिवस आधी दळा, महिनाभर आधी नको.

भरिताची वांगी हिरवी, मोठी, पांढरट पट्ट्यांची. बामणोदची प्रसिद्ध. हिवाळ्यात मिळतात, तुमची वेळ बरोबर आहे. शंभर लोकांना चाखण्यापुरतं म्हणजे दहा किलो भरीत हवं, त्याला पंधरा किलो वांगी घ्या, कारण भाजून-सोलून तिसरा हिस्सा जातो. भाजायची कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याची साल करपते आणि आतला गर कच्चा राहतो, कारण आच एकाच जागी लागते. काड्यांच्या आगीत वांगं सगळ्या बाजूंनी वेढलं जातं. भाजल्यावर लाकडी बडगीत लाकडाच्याच मुसळीनं ठेचतात. मिक्सरमधून काढलंत तर बिया फुटतात आणि कडू लागतं. हिरवी मिरची आणि लसूण तेलात परतून, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच. टोमॅटो पडला की ते इंदुरी "भर्ता" झालं.

शहराचं ताट वेगळं. तिथली ओळख मावा जिलेबी, दराबा आणि मांडे. मांडे म्हणजे उलट्या कढईवर भाजलेली मोठी, रुमालासारखी पातळ पोळी. खान्देशातल्या घरी खापरावर पुरणाचे मांडे होतात, शहरातल्या या मांड्यात पुरण नसतं. दोन्ही उलट्या बुडावर, हातावर वाढवून टाकलेली. शेजारी शेजारी ठेवलीत तर पाहणाऱ्याला नातं आपोआप दिसेल. दराबा रवा, तूप आणि साखर खूप फेटून करतात. फेटणं कमी पडलं की नुसता शिरा लागतो. मावा जिलेबी बऱ्हाणपूरहून मागवणार असाल तर एकशे ऐंशी किलोमीटरचा रस्ता आहे आणि घाट आहे. गरम जिलेबी झाकण लावून भरू देऊ नका, वाफ धरते आणि वरचा पापुद्रा मऊ पडतो. पूर्ण गार झाल्यावर, एकाच थरात, कागद घालून.

निमाडच्या टेबलावर अमाडीची भाजी आणि ज्वारीची रोटी ठेवाल ना? छान, पण "फक्त निमाड" अशी पाटी नको. अंबाडी खान्देशातही घरोघर होते. दाल-बाफले निमाडच्या नावावर अजिबात घालू नका, ते माळव्याचे, आणि हे इंदुरातल्या पोरालाही कळेल.

---

निमाडी_माणूस

ताई, अमाडीच्या पाटीबद्दल आभार. तेवढ्यावरून इथे दोन तास वाद झाला असता.

केळ्याचं कुणी बोललं नाही. पीक एकच आहे: मृग बाग जून-जुलैला, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरला, लागण पाच बाय पाच फुटांवर, दोन्हीकडे तेच. बऱ्हाणपूरचा शेतकरी सकाळी आपल्या मंडीचा लिलाव बघतो आणि रावेरचा भावही बघतो. पण भौगोलिक मानांकन जळगाव केळीला मिळालं, 2016 मध्ये, आणि बऱ्हाणपूरचं केळं मध्य प्रदेशाच्या "एक जिल्हा एक उत्पादन" यादीत गेलं. एकाच काळ्या मातीतल्या दोन बागांना दोन नावं. हे फलकावर एका ओळीत येऊ द्या. बाकी सांगायला जागा नाही.

---

तापीखोरं

शहराबद्दल एक राहिलं, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चूल_आणि_खापर ताईंनी शहराचं ताट वेगळं सांगितलं, तेच इमारतींतही दिसतं.

जामा मशिदीत एकाच भिंतीवर अरबी आणि संस्कृत असे दोन लेख आहेत. संस्कृत लेखात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि विक्रम संवत 1646 दिलेलं आहे, म्हणजे 1590. मशिदीत तिथी-वारासकट संस्कृत लेख! त्याचं मोठं छायाचित्र लावा. लेख वर आहे, खालून उभं राहून काढलं तर अक्षरं चेपलेली येतात आणि उजेड समोरून पडला तर कोरीव भाग सपाट दिसतो. बाजूनं तिरपा उजेड घ्या.

दुसरं, कुंडी भंडारा. मोगल सरदार रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपतं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उतारानं शहरात आणलं. वर शंभरावर कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं, एका ओळीत. मोट नाही, रहाट नाही, नुसता उतार. उतार कुठे मोडला किंवा क्षार साचून बोगद्याचं तोंड आवळलं तर पुढची सगळी ओळ कोरडी पडते, म्हणून इतक्या कुंड्या: कुठूनही उतरून साफ करता यावं. चुन्याच्या क्षाराचा थर ही त्या पाण्याची कायमची व्याधी आहे. युनेस्कोच्या प्राथमिक यादीत ही जागा 2024 मध्ये आली. आता याचं भावंड शोधा. ते निमाडात नाही, माळव्यातही नाही. ते औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) आहे, मलिक अंबरची नहर, त्याच काळातली, त्याच रीतीची. यंत्रमागाचंही तसंच. बऱ्हाणपूरच्या मागवाल्याची ये-जा मालेगाव आणि भिवंडीशी.

म्हणून माझं म्हणणं असं: गावं खान्देशाची, पूर्वेचा डोंगर कोरकूंचा, आणि शहर दख्खनचं उत्तरेकडचं दार. निमाड त्याच्या कचेरीत आहे, आणि रणुबाईच्या टोपलीत आहे. खान्देशाच्या फलकावर लावा, निमाडच्या फलकावरून असीरगडापर्यंत एक बाण काढा आणि त्या बाणावर "2003 पर्यंत कारभार खंडव्याहून" एवढं लिहा. खंडव्याच्या माणसाला त्याचं शहर सापडेल.

---

निमाडी_माणूस

बाण चालेल. "कारभार" चालणार नाही, "जिल्हा" लिहा. कारभार म्हटलं की उपऱ्यांनी येऊन राज्य केल्यासारखं वाटतं. खंडव्यानं बऱ्हाणपूरवर राज्य केलं नाही, दोघं एका घरात राहिली.

---

राजवाडा_इंदूर

मान्य, "जिल्हा" लिहितो. खान्देशाच्या फलकासाठी पहिला मसुदा असा केलाय, तपासा:

"बऱ्हाणपूर. तापीकाठ. खान्देशाच्या फारुकी राज्याची आणि पुढे मोगल सुभ्याची राजधानी. 1760 मध्ये मराठ्यांकडे, पुढे शिंद्यांकडे, 1860-61 मध्ये इंग्रजांकडे. निमाड जिल्ह्याला जोडलं गेलं, 2003 पासून स्वतंत्र जिल्हा. गावांत मराठीच्या बोली, गुजरी, निमाडी. शहरात हिंदी-उर्दू आणि मराठी. खकनारकडे कोरकू आणि बारेली. मुमताज महल इथेच 1631 मध्ये वारली. पहिले बाजीराव पेशवे याच परिसरात, रावेरला, 1740 मध्ये वारले."

---

कागदपत्र

शेवटचं वाक्य काढा. बाजीराव वारले ते रावेरखेडीला, नर्मदेच्या काठी, आजच्या खरगोन जिल्ह्यात, 28 एप्रिल 1740 ला. जळगाव जिल्ह्यातलं रावेर वेगळं, ते तापीच्या खोऱ्यात. नावाच्या सारखेपणामुळे ही चूक पुष्कळ ठिकाणी छापलेली सापडते. ते वाक्य निमाडच्या फलकावर न्या, तिथे ते हक्काचं आहे.

मुमताजचं वाक्य बरोबर, पण त्यात "पहिलं दफन झैनाबादला, पलीकडच्या काठावर" हे जोडा. नाहीतर लोक शहरातल्या शाही किल्ल्यात कबर शोधतात. आणि "निमाड जिल्ह्याला जोडलं गेलं" याच्या आधी "शेजारच्या" हा शब्द घाला. तेवढ्यानं कळेल की ते आधी त्यात नव्हतं.

छापण्याआधी शेवटचा कागद इथे टाका. आकडे पुन्हा एकदा बघून देतो.